मदत हवी आहे: वस्तीत मतदार जागृती, कुणी ऐकूनच घेत नाही

हिरवी_मिरची: रविवारी परत वस्तीत मतदानावर बोलायचंय. मागच्या वेळी राज्यघटना, लोकशाही, एका मताची किंमत सगळं सांगितलं, पंधरा मिनिटांत नळाला पाणी आलं आणि बायका हंडे घेऊन उठल्या त्या गेल्याच. पीपीटी बदलू का? लवकर सांगा प्लीज.

खडूस_काका: कुठली वस्ती? यादीत नावं आहेत का त्यांची?

डफलीवाला: पथनाट्य करा! आम्ही एनएसएसमध्ये केलेलं, जाम गर्दी. डफली देतो माझी.

हिरवी_मिरची: पथनाट्य नकोय. भोसरीकडची, बांधकाम मजूर, बरेचसे मराठवाड्यातले. नावं गावाकडेच असतील, विचारलं नाही.

खडूस_काका: अहो मग तेच तर अडलंय! नाव गावाला नि भाषण भोसरीत. नाव इकडे आणायला फॉर्म 8, नावच नसेल तर फॉर्म 6. भाडेकरार नाही म्हणून घाबरू नका, बेघर माणसाचं नाव लावायलाही बीएलओ, म्हणजे त्या भागाच्या मतदार यादीचं काम बघणारा अधिकारी, रात्री येऊन तो खरंच तिथे झोपतो का ते बघतो, पत्त्याचा कागद लागत नाही. पण हे आत्ताच, उमेदवारी अर्जांची मुदत संपली की यादी गोठते.

बीडकर: आणि गावचं नाव उडालं की? माझी आत्या ऊसतोडीला जाते, ती नाही हलवणार. ग्रामपंचायतीला दोन-चार मतांवर निकाल लागतो, मतदानाला न्यायला गाडी येते. 2024 च्या विधानसभेला मतदान 20 नोव्हेंबरला, ऐन तोडणीच्या तोंडावर, तेव्हा कुणी विचारलं?

खडूस_काका: आत्या सीझन संपला की घरी येते हो. इथे दहा वर्षं राहणाऱ्याचं वेगळं. दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही.

सोसायटी_सेक्रेटरी: गरिबांना कशाला शिकवता, आमच्या बिल्डिंगमधले मतदानाला जोडून सुट्टी टाकून महाबळेश्वरला जातात.

डफलीवाला: पगारी सुट्टी असते की मजुरांनाही, कायदाच आहे.

बीडकर: आहे, लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 135 बी, नाही दिली तर मालकाला दंड 500 रुपयांपर्यंत. रोज कामासाठी मजूर नाक्यावर उभ्या माणसाचा मालक कोण ते सांगा आधी. सकाळी सातला मत टाकून आठला नाक्यावर, एवढंच जमतं. खाडा कोण करणार?

हिरवी_मिरची: आत्ता एका मावशींना विचारून आले. कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत रबर लावून पत्र्याच्या पेटीत, परभणी जिल्ह्यातलं. म्हणाल्या, "हे चालतं ना इथं?" मी मागे तासभर बोलायची तयारी करून गेलेले आणि हे सांगितलंच नाही. रविवारी लॅपटॉप नाही, फॉर्मच नेते. मोबाइलवरून भरता येतात का?

खडूस_काका: येतात. 1950 या मतदार हेल्पलाइनला फोन करून बीएलओचा नंबरही घ्या. आणि पाणी किती वाजता येतं ते विचारा.

हिरवी_मिरची: साडेअकरा.

डफलीवाला: म्हणजे डफली नकोच का?