रॅक ‘उलटतो’, ‘कलंडतो’ की ‘लवंडतो’?

नेटवर्कच्या रॅकची, म्हणजे उपकरणं बसवायच्या उंच चौकटीची, सुरक्षा-पत्रिका मराठीत करतेय. वाचणार स्विच (नेटवर्कच्या केबल जोडायचं यंत्र) चढवणारी, केबल ओढणारी मंडळी. पहिल्याच वाक्याला अडले. जड स्विच वर चढवला आणि खालचे खण रिकामे राहिले तर रॅक... पुढे क्रियापद कोणतं? जुन्या मसुद्यात ‘उलटू शकतो’ आहे, मला ते खटकतं.

— खटकणारच. उलटते ती तव्यावरची भाकरी, वरची बाजू खाली जाते. रॅकचा तोल एका कडेवर जातो आणि तो झुकत झुकत येतो, ते कलंडणं. रॅकची उंची ‘यू’मध्ये मोजतात, एक यू म्हणजे ४४.४५ मिलिमीटर. ४२ यूच्या रॅकमध्ये नुसती उपकरणांची जागाच १.८७ मीटर उंच. म्हणून रॅक आधी जमिनीला किंवा भिंतीला पक्का करायचा, मग खालून वर भरत जायचं, जड ते तळाला. आणि सरकत्या पट्ट्यांवरचं उपकरण एका वेळी एकच बाहेर ओढायचं. दोन ओढली की सगळा भार पुढे.

— आमच्या घरी ‘लवंडणे’ म्हणतात.

— लवंडतं ते दूध, तेल. आतलं सांडलं पाहिजे. शिवाय जेवण झाल्यावर आपण ‘जरा लवंडते’ म्हणतोच की. धोक्याच्या सूचनेत डुलकी नको!

— मग ‘जरा कलंडतो’ कोण म्हणतं हो, आमचे शेजारी?

— बरं, हरलो. पण रॅकला ‘मांडणी’ का नको? स्वयंपाकघरातल्या मांडणीवरही पातेली खाली आणि वाट्या-फुलपात्री वर असतात. नियम शब्दातच आहे.

— शब्द गोड आहे, पण ‘रॅकमधली मांडणी’ लिहायची वेळ आली की काय कराल? रॅकच राहू दे. मला खरी भीती ‘कान’ या शब्दाची वाटते. स्विचच्या दोन्ही बाजूंच्या स्क्रूच्या पट्ट्यांना कान म्हणतात. आणि कढई तर आपण कानांना धरूनच उचलतो! स्विच तसा उचलायचा नाही, पॉवर सप्लायच्या (वीज पुरवणाऱ्या भागाच्या) मुठीला धरून तर नाहीच. जड असेल तर दोघांनी तळाला हात घालायचा आणि एकाने स्क्रू आवळेपर्यंत दुसऱ्याने सोडायचा नाही. हे वाक्य मोठ्या अक्षरात छापा.

— ‘वीज बंद करून काम करा’ हेही तपासा. दोन पॉवर सप्लाय असले की एक केबल काढूनही यंत्र चालूच असतं. ‘सगळ्या पॉवर केबल काढा’ लिहा.

— सगळ्यांचे आभार. ‘सगळ्या’ घातलं, कानांचं वाक्य मोठं केलं. क्रियापदासाठी मात्र आज रॅक बसवायला आलेल्या दादांनाच विचारलं. ते म्हणाले, “ताई, कलंडतो काय न् उलटतो काय, सरळ लिहा ना, रॅक अंगावर येईल.”

तेच लिहिलं.