हायजियाचा लाल, बाकीचे रंग कुणाचे?

हातानं रंगवलेली प्रत घेतली की हरवलेलं चित्र परत मिळतं, असं म्हटलं जातं, ते मला पटत नाही. ऑस्ट्रियाचा चित्रकार गुस्ताव क्लिम्टनं व्हिएन्ना विद्यापीठासाठी केलेली 'तत्त्वज्ञान', 'वैद्यक' आणि 'न्यायशास्त्र' ही तीन चित्रं घ्या. प्रत्येक चित्र चार मीटरहून उंच! मे १९४५मध्ये ऑस्ट्रियातल्या इमेनडॉर्फच्या गढीला आग लागली आणि तिन्ही गेली. उरले ते मुख्यतः काळेपांढरे फोटो. 'वैद्यक'मधली हायजिया, म्हणजे आरोग्याची ग्रीक देवता, तेवढी रंगीत छापलेली सापडते: लाल झगा, हाताला विळखा घातलेला सोनेरी साप.

'न्यायशास्त्र'मधला तो म्हातारा बघा. मान खाली, पाठ वाकलेली, भोवती ऑक्टोपसचा विळखा. पाठीवर उजेड कुठे पडलाय ते फोटोत कळतं. पण त्या कातडीचा रंग? तो प्रत करणाऱ्यानं ठरवलेला असतो. २०२१मध्ये संगणकाच्या मदतीनं ही चित्रं रंगवली, तेव्हाही क्लिम्टच्या काळच्या समीक्षकांनी केलेल्या वर्णनांचा आधार घ्यावा लागला.

प्रत जरूर घ्या, हाताच्या कामाला मोल आहेच. फक्त चित्रकाराला आधी विचारा, कुठला रंग कशावरून घेतला. त्यानं प्रामाणिकपणे 'हा माझा अंदाज' म्हटलं, तर मी त्याच्याकडूनच घेईन.