पहिली मंगळागौर आहे, खेळायला ग्रुप बोलवावा का?

अकोल्याची_लेक:
नमस्कार मंडळी, लग्नानंतरची पहिली मंगळागौर आहे, श्रावणातला तिसरा मंगळवार ठरलाय, कर्वे रोडला हॉल पण बुक झाला. सासूबाई म्हणतायत खेळांसाठी ग्रुप बोलवू, हल्ली सगळ्यांकडे तसंच असतं, दोन तास प्रोग्राम करतात, नऊवारी नथ सगळं करून येतात. मी अकोल्याची, आमच्याकडे मंगळागौर नव्हती, आमच्याकडे भुलाबाई. भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी टिपऱ्या घेऊन कोणाच्या तरी घरी जायचं, गाणी म्हणायची आणि शेवटी खाऊचा डबा हलवून आत काय आहे ते ओळखायचं, कोजागिरीला ज्वारीच्या धांड्यांचा मांडव. त्यात बघणारं असं कोणी नसायचंच, म्हणून माझ्याच मंगळागौरीला मी खुर्चीत बसून दुसऱ्या बायकांचं बघायचं हे काही पटत नाहीये. पण मला साधी फुगडी सोडून काही येत नाही. तीन आठवड्यात होईल का शिकून? आणि या खेळांना काही अर्थ आहे की नुसता व्यायाम?

पेठेतली_काकू:
अगं होईल की! माझी पहिली मंगळागौर १९७९ ची, वाड्याच्या माजघरात, सकाळी पूजा, सोळा पत्री, दुपारी मुक्याने जेवण आणि रात्री जागरण. पहाटे चारला खालच्या बिऱ्हाडातल्या आजी फुगडीला उभ्या राहिल्या होत्या ते अजून डोळ्यासमोर आहे.

व्यायाम आहेच, पण गाणी नीट ऐक म्हणजे कळेल. घुमाच्या खेळात तिला सगळ्या नाच म्हणतात आणि ती म्हणते कशी नाचू, कासार आला नाही, बांगड्या नाहीत, मग शिंपी आला नाही, सोनार आला नाही, असं करत करत जे जे मिळालं नाही ते सगळं बोलून घेते. विहिणींच्या पिंग्यात एक मुलाची बाजू घेते एक मुलीची, आणि समोरासमोर काय वाटेल ते सुनावतात. ज्या काळी आठ दहा वर्षांच्या पोरी सासरी यायच्या आणि वर मान करून बोलायची सोय नव्हती, त्या काळात सासूच्या देखत हे बोलता यायचं ते फक्त खेळात. माझी सासू हे ऐकताना पदराआड हसायची, तिनेही तिच्या वेळी हेच म्हटलेलं ना.

आता फुगडी. हाताची कैची, उजव्यात उजवा डाव्यात डावा, बोटं नाही अडकवायची, मनगटाजवळ पकड घे. चवडे जोडीदारणीच्या चवड्यांना लागून, कोपर ताठ, अंग मागे टाक आणि पावलं अगदी बारीक. ओढ दोघींची सारखी हवी, एकीने अंग चोरलं की दोघी पडतात. चक्कर येत असेल तर जमिनीकडे बघू नकोस, तिच्या डोळ्यात बघ. घड्याळ काढून ठेव.

गुहागरकर_हिंजवडी:
ताई मी पुरुष माणूस, मंगळागौरीतलं मला काही कळत नाही पण तुमचा मुद्दा एकदम पटला म्हणून लिहितोय. आमच्याकडे गणपतीत जाखडी असते, गाणारा आणि मृदंगवाला मध्ये बसतात आणि बाकीचे त्यांच्याभोवती गोल नाचतात, शक्तीवाले आणि तुरेवाले या दोन पक्षांचे सवाल जवाब रात्रभर. अंगणात बघणारे पण त्या गोलाला चिकटून बसलेले असतात, कोण कधी उठून आत शिरेल सांगता येत नाही. तीच जाखडी इकडे एका महोत्सवात स्टेजवर बघितली तर गोल अर्धाच होता, सगळ्यांची तोंडं प्रेक्षकांकडे. पोरं चांगली नाचत होती, कष्ट होते, पण मला बघवेना.

डहाणू जव्हारकडचा तारपा नाच बघा, वारली लोकांचा. भोपळ्याचा तारपा वाजवणारा मध्ये, आणि नाचणारे त्याच्याकडे पाठ करत नाहीत, तो वळेल तशी सगळी रांग वळते. वारली चित्रात ती माणसांची गुंडाळी दिसते ना, जिव्या सोमा मशे यांच्या चित्रातही, ती हाच नाच. आता त्याला माइकसमोर सरळ रेषेत उभं केलं तर राहिलं काय? हॉलमध्ये खुर्च्या भिंतीला लावा आणि मधली जागा मोकळी ठेवा, स्टेज वापरूच नका.

झिम्मा_पौड_रोड:
मी अशाच एका ग्रुपमध्ये आहे, सहा वर्षं झाली. आम्ही बऱ्याचजणी पन्नाशीच्या पुढच्या, कोणी बँकेतून रिटायर, कोणाची पोरं बाहेर, आठवड्यातून दोनदा प्रॅक्टिस. ग्रुपला नावं ठेवू नका ही विनंती, कारण कित्येक घरात आता एकीलाही किकीचं पान हा खेळ काय ते माहीत नसतं, आम्ही नसतो तर पूजा करून जेवून सगळ्या घरी गेल्या असत्या. पण प्रेक्षकांचं म्हणाल तर आम्हालाही ते नको असतं. मागच्या श्रावणात एका घरी सगळ्या मोबाइल धरून शूटिंग करत बसल्या, नवरी पण, एकीनेही हात पुढे केला नाही, त्या दिवशी रिक्षात आम्ही कोणी बोललो नाही.

तेव्हा ग्रुप बोलवा पण आधीच सांगा की अर्धा तास तुम्ही दाखवा आणि मग आम्हाला ओढा. आणि स्पीकरवर रेकॉर्ड लावू देऊ नका. गाणं म्हणणारीचं लक्ष खेळणारीच्या पायाकडे असतं, ती दमली की ती लय उतरवते, रेकॉर्ड कशी उतरवणार? बस फुगडी मात्र आत्तापासून रोज थोडी थोडी करा, उकिडवं बसून एकेक पाय पुढे टाकायचा, गुडघ्याला सवय नसेल तर दुसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. सतरंजी नको, घसरते.

अकोल्याची_लेक:
सगळ्यांना खूप थँक्यू, सासूबाईंना पूर्ण थ्रेड वाचून दाखवला. पिंग्याचं ऐकून त्या आपणहून म्हणाल्या मला येतो पिंगा, आणि ओट्यापाशीच कमरेवर हात ठेवून करून दाखवला, तीस वर्षांनी! ग्रुप येतोय, अर्ध्या तासाच्या बोलीवर. आईला फोन केला तर ती म्हणाली मग मी टिपऱ्या घेऊन येते, एक भुलाबाईचं गाणं तिकडचंही होऊन जाऊ दे. काकू, बस फुगडीत आधी कुठला पाय टाकायचा?

पेठेतली_काकू:
उजवा. आणि पदर खोचून घे आधी.