ओ-झिरोवर चालतं, ओ-एसवर अडकतं. चूक कंपायलरची की माझी?

काटोलची_संत्री:
नमस्कार मंडळी. नागपूरला एम.टेक.चं शेवटचं वर्ष. काटोलजवळ मामांची संत्र्याची बाग आहे, तिथे मातीतला ओलावा मोजणारा छोटा नोड बनवून राहिली आहे. आंबिया बहारासाठी हिवाळ्यात पाणी तोडून झाडाला ताण देतात. ताण किती बसला ते मामा पानं चुरगाळून सांगतात, मला ते आकड्यात पाहिजे.

चिप एसटीएम३२एफ०३०, म्हणजे कॉर्टेक्स-एम०. फ्लॅश १६ केबी, रॅम ४ केबी. कंपायलर, म्हणजे सी कोडचा मशीन कोड करणारा प्रोग्राम, जीसीसी. ओ-झिरोवर, म्हणजे कंपायलरने कोड आखूड करायचाच नाही अशा सेटिंगवर, सगळं झकास, पण प्रोग्राम १५ केबीच्या वर जातो आणि रेडिओचा कोड अजून टाकायचाच आहे. ओ-एस, म्हणजे कोड आखूड करायची सेटिंग, लावली की ९ केबीत बसतो, पण पहिल्याच रीडिंगला जो अडकतो तो अडकतोच. सेन्सरचं व्होल्टेज आकड्यात बदलणाऱ्या एडीसीचं इंटरप्ट, म्हणजे चालू काम थांबवून ‘मोजून झालं’ सांगणारा इशारा, येतं, हे मी इंटरप्टमध्येच एलईडी लावून पाहिलं. वाट पाहायच्या लूपमध्ये यूआर्टवर (सिरियल तारेवर) एक टिंब छापलं तर चालतो! टिंब काढलं की परत तेच.

कोड तरी काय, वर एक साधा ग्लोबल इंट, नाव ‘झालं’. इंटरप्ट त्यात १ टाकतो. मेनमध्ये व्हाइल लूप, ‘झालं’ शून्य आहे तोवर थांब.

सर म्हणाले कंपायलरमध्ये बग दिसतो, यावरच प्रबंध कर. विषय आयता मिळाला खरा, पण मन मानत नाही. तीन रात्री गेल्या.

बर्डीचा_सोल्डर:
‘झालं’ला व्होलाटाइल लाव ना. चालेल.

हिंगणा_काका:
वरच्या भाऊचं औषध बरोबर आहे, पण पोरीला रोगच सांगितला नाही.

पोरी, आधी ऑब्जडम्प, म्हणजे तयार मशीन कोडची यादी, काढ आणि त्या लूपच्या जागी काय बसलंय ते डोळ्यांनी बघ. ‘झालं’ एकदाच वाचलेलं दिसेल, शून्याशी तुलना, आणि पुढे बहुतेक ई७एफई. थम्बमध्ये, म्हणजे तुझ्या चिपच्या सूचनांच्या भाषेत, या १६ बिटांचा अर्थ स्वतःवरच उडी मार. म्हणजे तुझी चिप अडकलेली नाही, ती इमानेइतबारे एकाच जागी उड्या मारून राहिली आहे. कंपायलरने पाहिलं की या लूपच्या आत ‘झालं’ला कोणी हात लावत नाही, मग दर फेरीला रॅमपर्यंत जायचं कशाला? इंटरप्ट नावाचा पाहुणा मागच्या दाराने येतो हे त्याला कोण सांगणार? ते सांगायलाच व्होलाटाइल हा शब्द आहे, १९८९ च्या ॲन्सी सीपासून. ओ-झिरोवर तो काही विचारच करत नाही, दर वेळी रॅममधून वाचतो, म्हणून तिथे तुझी चूक झाकली गेली.

आणि ते टिंब. छापायचं फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये असेल. त्याच्या पोटात काय आहे हे कंपायलरला दिसत नाही. ते ‘झालं’ बदलूही शकतं, म्हणून परतल्यावर त्याला पुन्हा वाचावं लागतं. तुझं टिंब म्हणजे चुकून लागलेलं व्होलाटाइल.

आम्ही ८०५१ या जुन्या चिपवर असेंब्लीत, थेट चिपच्या सूचनांत, लिहायचो तेव्हा ही भानगडच नव्हती. आत १२८ बाइट रॅम, कोणता बाइट कशाचा ते वहीत लिहिलेलं, आणि लिहिलं तेच चालायचं. सी आलं आणि मधे एक हुशार दुभाषी बसला.

आता व्होलाटाइल लावून निवांत झोपू नको, मी झोपलो होतो. कळमन्याला एका डाळ मिलमध्ये पट्ट्याचे पल्स मोजायचं यंत्र मी बसवलं होतं, एटीमेगा३२८ वर. मोजणी १६ बिटांची, चिप ८ बिटांची. एक आकडा वाचायला दोन घास. खालचा बाइट २५५ वाचला, तेवढ्यात इंटरप्ट आलं, मोजणी २५६ झाली, मग वरचा बाइट १ वाचला. हातात ५११! पट्टा वेळेआधीच थांबायचा आणि पोत्यात डाळ कमी. रोज नाही, आठवड्यातून एखादवेळी. शेठनी हमालावर संशय घेतला, मीही मान हलवली. चूक माझी होती, वाचताना इंटरप्ट बंद ठेवायला पाहिजे होतं. त्या हमालासमोर पुढे कितीतरी दिवस मला उभं राहवत नव्हतं. तुझ्या एम० वर ३२ बिटांचा आकडा एका घासात येतो, पण इंटरप्ट आणि मेन दोघंही तोच आकडा वाढवत असतील तर तिथेही हेच होणार.

सरांना मात्र एकदम खोटं पाडू नको. युटा विद्यापीठाच्या एरिक आइड आणि जॉन रेगेहर यांनी २००८ साली १३ कंपायलर तपासले, सगळे धंद्यात वापरले जाणारे. प्रत्येकात अशी जागा सापडली की व्होलाटाइल लिहूनही कोड चुकीचा निघत होता. त्याच विद्यापीठातल्या सीस्मिथ नावाच्या प्रोग्रामने अंदाधुंद सी प्रोग्राम पाडून कंपायलरांना खाऊ घातले, २०११ च्या पेपरात ३२५ च्या वर बग आहेत. कंपायलर चुकतो, बाप्पा. फक्त आपल्या व्हाइल लूपमध्ये सहसा नाही. प्रबंधच करायचा तर सी-डॅक या सरकारी संस्थेची तेजस३२ चिप घे. ती आरव्ही३२आयएम, म्हणजे रिस्क-फाइव्ह जातीची आहे, १६ बिटांच्या आखूड सूचना तिच्यात नाहीत. तुझाच प्रोग्राम तिथे किती फुगतो आणि तो फुगवटा कशातून येतो ते मोज. आपल्याकडे यावर कोणाला विचारायचं तर आयआयटी मुंबईच्या जीसीसी रिसोर्स सेंटरचं साहित्य आधी वाच, मग प्रश्न नीट विचारता येतात.

बर्डीचा_सोल्डर:
काका, मी एका ओळीत उरकलं, चुकलंच. ताई, ओलाव्याची टक्केवारी फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश आकड्यांत, काढता का? एम० ला एफपीयू, म्हणजे दशांश आकडेमोडीचं हार्डवेअर, नाही, साधा भागाकारही हार्डवेअरमध्ये नाही. एका टक्क्यासाठी अख्खी लायब्ररी लिंक होते. दहाने गुणून पूर्णांकात ठेवा.

काटोलची_संत्री:
काका, ऑब्जडम्प काढला. ई७एफई! रात्री दीड वाजता एकटीच हसत बसले, आई उठून विचारायला आली.

व्होलाटाइल लावलं, टिंब काढलं, चाललं. फ्लोट हाकलल्यावर दीड केबी आणखी सुटली, रेडिओ बसला. सरांना डम्प दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “मग विषय बदलू.” तेजस३२ चं सांगितलं, चहा मागवला.

काल नोड बागेत पुरला. फोनवर २३ टक्के आलं. मामांना दाखवलं तर त्यांनी एक पान तोडलं, चुरगाळलं आणि विचारलं, “बरं, २३ म्हणजे पाणी सोडू का अजून थांबू?”