स्पिरुलिनाच्या टाकीतले टाकाऊ पाणी आणि गाळ उसाला देता येईल का?

कृष्णाकाठ:
नमस्कार. वाळवा तालुक्यात आमच्या स्पिरुलिनाच्या (पूरक आहारासाठी वाढवतात त्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या) प्रत्येकी १०,००० लिटरच्या तीन टाक्या आहेत. त्यांपैकी एकीत दुसरेच शेवाळ माजल्याने ती पूर्ण रिकामी करावी लागणार आहे. त्या पाण्यात नत्र, स्फुरद, पालाश आम्हीच घातलेले असल्याने ते शेजारच्या उसाला पाटाने सोडावे, असे घरच्यांचे म्हणणे आहे. तळाशी मेलेल्या शेवाळाचा गाळही साचला आहे. भातशेतीत शेवाळ जैविक खत म्हणून वापरतात, असे वाचले होते. जमीन काळी व भारी आहे. कृपया मार्गदर्शन करावे.

मातीचा सामू:
पाणी उसाला सोडू नका. आपण स्पिरुलिना वाढवण्याच्या झारूक यांच्या प्रचलित कृतीने द्रावण केले असेल, तर त्यात लिटरमागे १६.८ ग्रॅम खाण्याचा सोडा, २.५ ग्रॅम सोडियम नायट्रेट आणि १ ग्रॅम मीठ पडलेले असते. म्हणजे एका टाकीत नत्र साधारण ४ किलो, जे ९ किलो युरियातही मिळते आणि त्याची किंमत सरकारी दराने साठ रुपयेही होत नाही. पण त्याच टाकीत सोडियम मात्र ५६ किलोंच्या आसपास असते. त्यातही नत्र शेवाळाने बरेचसे खाल्लेले असते, सोडियम मात्र जवळजवळ जसेच्या तसे उरते, आणि प्रत्येक काढणीनंतर आपण सोडियम नायट्रेटची भर घालत असाल तर ते वाढतच जाते. ओलिताच्या पाण्याचे सोडियम अधिशोषण गुणोत्तर (कॅल्शियम व मॅग्नेशियमच्या तुलनेत सोडियम किती, याचे माप) २६ च्या वर गेले की ते अतिधोक्याच्या वर्गात मोडते. या द्रावणाचे माझ्या हिशेबाने २०० च्या पुढे जाते, कारण त्यात कॅल्शियम व मॅग्नेशियम नाममात्रच असते. काळ्या मातीत असे पाणी मुरले की चिकणमातीचे कण विस्कटतात, निचरा बंद होतो आणि जमीन चोपण, म्हणजे सोडियमने बिघडलेली, होते. कृष्णाकाठच्या माणसाला चोपण जमीन म्हणजे काय, हे मी वेगळे सांगायला नको.

कृष्णाकाठ:
हिशेब पाहून धक्काच बसला. दहापट विहिरीचे पाणी मिसळून, सोबत जिप्सम टाकले तर?

मातीचा सामू:
पातळ केल्याने पिकाला लगेच बसणारा चटका कमी होईल, पण शेतात जाणारे एकूण सोडियम तेवढेच राहील. त्याची बरोबरी करायला एका टाकीमागे सुमारे २१० किलो शुद्ध जिप्सम लागेल, आणि सुटे झालेले सोडियम वाहून न्यायला चांगला निचराही हवा. साठ रुपयांच्या नत्रासाठी हा उद्योग कोण करणार?

कोकणातला भातकरी:
भातखाचरात वापरतात ते अनाबिना, नॉस्टॉक यांसारखे हवेतला नत्र स्थिर करणारे निळे-हिरवे शेवाळ. स्पिरुलिना त्याच मोठ्या कुळातली असली तरी ती नत्र स्थिर करत नाही, उलट आपण घातलेला नत्र खाते. नावातल्या साम्यामुळे हा घोटाळा नेहमी होतो.

पाचटवाला:
गाळ मात्र टाकू नका. स्पिरुलिनाच्या सुक्या वजनात निम्म्याहून अधिक प्रथिने असतात, त्यामुळे त्यात नत्र ९ ते १० टक्क्यांपर्यंत भरतो. गाळ फडक्यात गाळून एकदा साध्या पाण्याने झटपट धुवून घ्यावा, म्हणजे चिकटलेला सोडा बराचसा निघून जाईल. धुतलेल्या पाण्यातही सोडियम असतेच, तेव्हा ते टाकीच्या पाण्याबरोबरच ठेवा. मग गाळाच्या सुक्या वजनाच्या सुमारे सहापट उसाचे पाचट बारीक करून त्यात मिसळावे. नुसता गाळ ढीग करून ठेवला तर दोन दिवसांत अमोनियाचा उग्र वास सुटतो. तो वास म्हणजे आपला नत्रच हवेत चाललेला असतो, आणि सोड्यामुळे सामू (पीएच) ९ च्या वर असल्याने तो अधिकच वेगाने जातो. कंपोस्ट तयार झाल्यावर विद्युत वाहकता (विरघळलेल्या क्षारांचे माप) व सामू तपासून मगच शेतात टाका.

कृष्णाकाठ:
गाळाचे तसेच करतो. बांधावर नारळ आहेत. समुद्रकाठी नारळ खारे पाणी सोसतो, तर टाकीचे पाणी त्यांना चालेल का?

मातीचा सामू:
समुद्रकाठची वाळू निचऱ्याची असते, आपला बांध काळ्या मातीचा आहे; झाड कदाचित तगेल, माती तगणार नाही. पाणी प्लास्टिकचे अस्तर टाकलेल्या खड्ड्यात उन्हाने आटू द्यावे. पुढच्या टाकीत सोडियम नायट्रेटऐवजी पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे ठिबकवाले वापरतात ते १३:०:४५, आधी एका लहान टबात वापरून पाहा. सोड्याचे सोडियम तरीही राहीलच, पण दर काढणीनंतरच्या भरीबरोबर वाढणार नाही.