मोडीची ई-पुस्तकं आणि कोर्स विकायला वेबसाइट कशी मांडावी?

वळणदार_अक्षर
नमस्कार मंडळी. मी मोडी लिपी (जुने मराठी कागद जिच्यात लिहिलेत ती) शिकवते, आधी फक्त वर्ग घ्यायचे, आता बरंचसं ऑनलाइन चालतं. स्वतःची वर्डप्रेसवर साइट आहे, त्यावर वूकॉमर्स (ऑनलाइन दुकानाचं प्लगइन) टाकलंय. सध्या विकायला काय काय आहे सांगते: मुळाक्षरं आणि बाराखडीची सरावपुस्तिका (पीडीएफ, १४९ रु.), आंग्लकालीन (इंग्रजांच्या काळातले) कागद वाचायचं मार्गदर्शक (पीडीएफ, ३४९ रु.), रेकॉर्डेड कोर्स (२,४९९ रु.), अधूनमधून झूमवर लाइव्ह बॅच, आणि कुणाला घरातला जुना कागद वाचून हवा असेल तर लिप्यंतर करून, म्हणजे तोच मजकूर देवनागरीत लिहून देते.

हे सगळं होमपेजवरच आहे. वर स्लायडर, खाली सगळी प्रॉडक्ट ग्रिडमध्ये, मग लेख, मग वर्गांचे फोटो. २०२३ मध्ये मराठा समाजाच्या जुन्या कुणबी नोंदी शोधायला सरकारने शिंदे समिती नेमली, त्या नोंदी बऱ्याचदा मोडीत असतात, तेव्हापासून मोडीकडे वळणारे लोक खूप वाढले, साइटवरही येतात, पण थोडं स्क्रोल करतात आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण दाबून विचारतात "मॅडम मी यातलं नक्की काय घेऊ?" कुणी काहीच न लिहिता कागदाचा फोटो पाठवून देतं. दिवसभर तीच तीच उत्तरं टाइप करण्यात वेळ जातो आणि शिकवायचं राहून जातं.

एक ओळखीचे म्हणाले की सगळं काढून टाका आणि एकच लांबलचक सेल्स पेज ठेवा. दुसरे म्हणाले कोर्स तयार प्लॅटफॉर्मवर हलवा, साइट हवीच कशाला. मेनूत काय ठेवावं, प्रत्येक गोष्टीला वेगळं पान करावं का, लेखांचं काय करायचं, फुकट किती द्यायचं? ज्यांनी खरंच असं काही विकलंय त्यांनी प्लीज सांगा.

उंबरठा
ताई, तुमचा प्रश्न वाचून साइटही उघडून बघितली. माल चांगला आहे, अडचण मांडणीची आहे. तुमची साइट तुमच्याकडे काय काय आहे ते सांगते, पण येणारा माणूस स्वतःचा प्रश्न घेऊन येतो आणि त्याला त्याचा प्रश्न तिथे कुठे दिसतच नाही, म्हणून तो व्हॉट्सअ‍ॅपवर विचारतो. लोक रोज विचारतायत "मी काय घेऊ", तर होमपेजने नेमकं तेच उत्तर दिलं पाहिजे.

मला तुमच्याकडे येणारे तीन वेगळे लोक दिसतात. एकाला लिपी शिकायची हौस आहे, इतिहासाची आवड, सुट्टीत काहीतरी करायचंय. दुसऱ्याकडे कागद आहे आणि त्याला तो वाचून हवाय, त्याला शिकण्यात शून्य इंटरेस्ट आहे, त्याला नमुना १४ च्या जन्म-मृत्यू रजिस्टरातली पणजोबांची नोंद कळली की झालं. तिसरा म्हणजे अभ्यासक, एमए-पीएचडी करणारा किंवा दफ्तरात (जुन्या कागदांच्या संग्रहात) जाऊन बसणारा, त्याला मुळाक्षरं येतात पण पेशवेकालीन वळण समोर आलं की अडतो. या तिघांना एकाच ग्रिडमध्ये १४९ पासून २,४९९ पर्यंतच्या वस्तू दाखवल्या तर तिघेही गोंधळणार.

म्हणून होमपेजवरून स्लायडर काढा. वर एक वाक्य आणि खाली तीन मोठी बटणं: "मला मोडी शिकायची आहे", "माझ्याकडचा कागद वाचून हवा आहे", "मला मोडी येते, पुढचं शिकायचंय". बास. एवढ्यावर होमपेज संपलं तरी चालेल. प्रत्येक बटणाचं वेगळं पान, आणि त्या पानावर दुसऱ्या दोघांसाठीचं काहीही नको. शिकणाऱ्याच्या पानावर आधी फुकट धडा, मग सरावपुस्तिका, मग कोर्स, याच क्रमाने. १४९ रुपये देऊन ज्याने पुस्तिका गिरवली तो २,४९९ च्या कोर्सला तयार होतो, थेट अनोळखी माणूस सहसा होत नाही. म्हणून पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आणि डाउनलोडच्या मेलमध्येही कोर्सची लिंक हवी, जमलं तर कोर्सच्या किमतीतून ते १४९ वजा करा.

कागदवाल्याचं पान सगळ्यात काळजीने लिहा कारण तुमचा निम्मा वेळ तिथेच जातोय. फोटो कसा काढायचा (सपाट ठेवून, उजेडात, पूर्ण पान, कडा कापू नयेत), एका पानाचे किती पैसे, किती दिवस लागतील, आणि एक गोष्ट ठळक, की उर्दू किंवा फारसी कागद वाचून मिळणार नाही. मराठवाड्यातले निजामकाळचे पुष्कळ कागद उर्दूत असतात, लोकांना जुनं आणि वाचता न येणारं म्हणजे मोडी असंच वाटतं. तिथे मोडीच्या दोन ओळी आणि उर्दूच्या दोन ओळी असे दोन फोटो शेजारी-शेजारी लावा, माणूस आपला कागद त्याला लावून बघेल आणि चुकीचा फोटो पाठवणारच नाही. शिवाय सरकारी कामाला तुमचं लिप्यंतर चालेल की नाही ते संबंधित कार्यालय ठरवतं, हे वाक्य पैसे भरायच्या आधी दिसलं पाहिजे, नंतर नाही. जातीचा दाखला मिळायच्या आशेने आलेला माणूस असतो तो, त्याला अंधारात ठेवू नये.

एकच लांबलचक सेल्स पेज हा सल्ला एकच वस्तू विकणाऱ्याला ठीक आहे. तुमचे गिऱ्हाईक तीन प्रकारचे आहेत, तुम्हाला तो लागू नाही.

टेक_सोलापूर
उंबरठा यांच्याशी सहमत. मी टेक्निकल बाजू सांगतो कारण मराठी साइटला काही त्रास खास असतात जे इंग्रजी ब्लॉग वाचून कळत नाहीत.

पहिलं, पानांच्या लिंक रोमन अक्षरांत ठेवा. तुमच्या लेखांच्या लिंक देवनागरीत आहेत, ब्राउझरमध्ये छान दिसतात पण कॉपी करून व्हॉट्सअ‍ॅपवर टाकल्या की प्रत्येक अक्षर आणि प्रत्येक मात्रेचे टक्केवारीच्या चिन्हांचे तीन तुकडे होतात, नुसत्या "मोडी" या शब्दाची ३६ कॅरेक्टर बनतात. अशी अर्धा स्क्रीन भरणारी लिंक बघून लोकांना ती फ्रॉड वाटते आणि क्लिक करत नाहीत. जुन्या लिंक बदलताना रीडायरेक्ट (जुनी लिंक दाबली की आपोआप नव्या पानावर नेणारी सोय) मात्र लावा नाहीतर गुगलवरून येणारे सगळे ४०४ वर, म्हणजे "पान सापडलं नाही" वर आपटतील.

दुसरं, मोडी युनिकोडमध्ये (सगळ्या कंप्युटर-फोनवर चालणाऱ्या अक्षरांच्या एकाच संकेतप्रणालीत) २०१४ साली आली हे खरं पण सगळ्या फोनवर मोडीचा फॉन्ट असेलच असं नाही, नसेल तिथे नुसते चौकोन दिसतात. तेव्हा मोडी मजकूर एकतर वेबफॉन्ट (साइटबरोबरच लोड होणारा फॉन्ट) लावून द्या किंवा सरळ इमेज टाका. आणि पीडीएफमधला मराठी मजकूर जुन्या लेगसी (युनिकोडच्या आधीच्या पद्धतीच्या) फॉन्टमध्ये असेल तर युनिकोडमध्ये करून घ्या, नाहीतर वाचकाने पीडीएफमध्ये "शिरोरेघ" सर्च केलं तर काहीच सापडत नाही.

तिसरं पीडीएफचा आकार. ए-४ चं पान मोबाइलवर झूम करकरून वाचायला लागतं. गिरवायची पाने ए-४ ठेवा, ती लोक प्रिंट काढतात, पण वाचायचं मार्गदर्शक मोबाइलच्या रुंदीचं वेगळं बनवा आणि एकाच खरेदीत दोन्ही फाइल द्या.

फाइल फॉरवर्ड होणार, ते शंभर टक्के थांबत नाही. वूकॉमर्समध्ये डाउनलोडची मर्यादा आणि मुदत लावायची सोय आहे ती लावा, आणि प्रत्येक पानाच्या तळाला विकत घेणाऱ्याचा ईमेल छापून देणारं प्लगइन मिळतं ते बसवा. स्वतःचं नाव असलेली फाइल ग्रुपवर टाकताना माणूस विचार करतो. पासवर्ड वगैरे लावू नका, प्रामाणिक गिऱ्हाइकालाच त्याचा त्रास जास्त. व्हिडिओ यूट्यूबवर अनलिस्टेड (लिंक असेल त्याला दिसतील असे) ठेवले असतील तर काढा, लिंक एकदा बाहेर गेली की संपलं. फक्त तुमच्याच डोमेनवर चालेल अशा व्हिडिओ होस्टिंगवर ठेवा.

तयार प्लॅटफॉर्मबद्दल म्हणाल तर कोर्स तिकडे ठेवायला हरकत नाही, लॉगिन, प्रोग्रेस सगळं ते बघतात. पण लेख, फुकट धडा आणि ईमेल यादी स्वतःच्या डोमेनवरच राहू दे. प्लॅटफॉर्मने उद्या दर वाढवले तर कोर्स उचलून दुसरीकडे नेता येतो, वाचक नेता येत नाहीत.

वळणदार_अक्षर
उंबरठा, तीन बटणांचं एकदम पटलं, आणि दोन फोटो शेजारी लावायचं तर आजच करते. टेक_सोलापूर, लिंकचं माहीतच नव्हतं, खूप आभार. लेखांचं काय करू? बरेच लेख आहेत, शिरोरेघ, बोरू, चिटणिशी वळण (मोडी लिहिण्याची एक शैली), दफ्तरं कुठे कुठे आहेत, असे. मेहनतीने लिहिलेत, लपवायचे नाहीत.

ग्रोथ_विथ_मराठी
मॅम लेख ब्लॉग टॅबमध्ये ठेवा, होमपेजवर नको. आणि कोर्स पेजवर काउंटडाउन टायमर लावा, "फक्त ३ सीट शिल्लक", "ऑफर आज रात्री १२ पर्यंत", यानेच कन्व्हर्जन येतं, म्हणजे बघणारे विकत घेतात, सगळे मोठे कोर्सवाले हेच करतात.

नियमावली
टायमरच्या बाबतीत तीव्र असहमती. रेकॉर्डेड कोर्सला सीट नसतात. न संपणाऱ्या गोष्टीला "३ शिल्लक" लिहिणं हे खोटं आहे आणि आता नियमाविरुद्धही आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला डार्क पॅटर्नबद्दल (गिऱ्हाइकाला फसवणाऱ्या वेबसाइटच्या युक्त्यांबद्दल) मार्गदर्शक तत्त्वं काढली, त्यात १३ प्रकार दिलेत आणि यादीत पहिलंच खोट्या घाईचं आहे. न विचारता कार्टमध्ये वस्तू टाकणं, शेवटच्या पानावर जादा चार्ज दाखवणं हेही त्यात आहे. झूमच्या लाइव्ह बॅचला खरंच २५ जागा असतील तर तसं लिहा, ती खरी माहिती झाली.

शिवाय तुमच्या साइटवर खालच्या पट्टीत काहीच नाही. पेमेंट गेटवे (ऑनलाइन पैसे घेऊन देणारी सेवा) घेताना संपर्क, अटी, प्रायव्हसी, रिफंड ही पानं मागतातच. एका ओळखीच्यांचं पेमेंट रिफंडचं पान नव्हतं म्हणून गेटवेने अडकवून ठेवलं होतं, ऐन बॅच सुरू व्हायच्या आठवड्यात. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत डिजिटल वस्तूही येतात. तक्रार कुणाकडे करायची त्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा, तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात. संमतीचे चौकोन आधीच टिक केलेले चालत नाहीत. एकट्या माणसाच्या धंद्यात तक्रार निवारण अधिकारी तुम्हीच.

रिफंडबद्दल स्पष्ट भूमिका घ्या. पीडीएफ डाउनलोड झाली की परत नाही, पण फाइल उघडली नाही किंवा चुकून दोनदा पैसे कापले गेले तर परत. कोर्सला पहिले काही धडे बघून नाही आवडलं तर परत. हे विकत घ्यायच्या बटणाजवळ दोन ओळींत लिहा. जीएसटीचं म्हणाल तर सेवेची उलाढाल वर्षाला २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे नोंदणी लागत नाही, त्यापुढे अशा कोर्सवर १८ टक्के लागतो, तेव्हा किंमत ठरवतानाच तो धरून चला आणि परदेशातून पैसे यायला लागले की सीएला भेटा.

वाईची_लेक
मी विकत घेणारी आहे, विकणारी नाही, म्हणून माझं मत सांगते. न्यू जर्सीत असते, माहेरच्या वाड्यात ट्रंकभर मोडी कागद आहेत, बाबांनी स्कॅन करून पाठवलेत. कोर्स शोधायला बसले तेव्हा मला जे हवं होतं ते कुठल्याच पानावर पटकन मिळालं नाही. कुठल्या काळातलं वळण शिकवणार? शिवकालीन, पेशवेकालीन की आंग्लकालीन? माझ्याकडचे कागद १८७० च्या पुढचे, मला शिवकालीन पत्रं आत्ता नकोत. एकूण किती तास? व्हिडिओ किती महिने बघता येतील? शंका कुठे विचारायच्या? लाइव्ह बॅच भारतात संध्याकाळी ७ ला म्हणजे आमच्याकडे सकाळ, ऑफिसची वेळ, मग रेकॉर्डिंग मिळणार का? आणि सगळं ठरवून पैसे भरायला गेले तर फक्त यूपीआय आणि भारतीय कार्ड. आंतरराष्ट्रीय कार्ड गेटवेकडून वेगळं चालू करून घ्यावं लागतं म्हणतात, ते नक्की करा ताई, आमच्यासारखे पुष्कळ आहेत.

अजून एक. मी शेवटी ज्यांचा कोर्स घेतला त्यांनी एक पूर्ण धडा उघडा ठेवला होता, ट्रेलर नाही, पूर्ण धडा. आधी ओळभर शिरोरेघ ओढून घ्यायची आणि मग अक्षरं तिला लटकवायची, शब्द तोडायचे नाहीत, ह्रस्व-दीर्घ बघायचं नाही, हे त्यांनी कागदावर लिहून दाखवलं आणि त्याच धड्याच्या शेवटी एका खऱ्या खताचा मायना माझ्याकडून वाचून घेतला. माझा मला वाचता आला! त्यानंतर मी किंमतसुद्धा दोनदा बघितली नाही.

उंबरठा
वाईची_लेक यांनी कोर्सच्या पानाचा मजकूरच लिहून दिला, तोच उचला. त्यांचे सगळे प्रश्न खरेदीच्या बटणाच्या वर यायला हवेत, खाली एफएक्यूमध्ये दडवून नको.

लेखांचं सांगतो. लेख राहू देत पण प्रत्येक लेख त्या तीन वाटांपैकी एकीला बांधा. बोरूवरचा लेख वाचणारा शिकायच्या वाटेवरचा आहे, त्या लेखाच्या शेवटी फुकट धड्याची लिंक. दफ्तरं कुठे आहेत, म्हणजे पुण्याचं पेशवे दफ्तर, भारत इतिहास संशोधक मंडळ, धुळ्याचं राजवाडे मंडळ, तंजावरचं सरस्वती महाल, हा लेख अभ्यासकाचा, त्याखाली पुढच्या कोर्सची लिंक. चिटणिशी वळणाचा लेखही तिकडेच. नमुना १४ कसा वाचायचा असा लेख अजून नसेल तर आधी तो लिहा, सगळ्यात जास्त लोक त्यासाठीच शोधत येतायत. एका लेखाखाली एकच लिंक. सहा बॅनर लावले की वाचक एकही दाबत नाही.

वळणदार_अक्षर
टायमर लावणार नाही, विद्यार्थ्यांशी खोटं बोलून शिकवता येत नाही. नमुना १४ चा लेख या आठवड्यात लिहायला घेते. एक शेवटचं विचारते, व्हॉट्सअ‍ॅपचं बटण काढून टाकू का? काढलं तर वयस्कर लोक अडतील अशी भीती वाटते.

टेक_सोलापूर
काढू नका, जागा बदला. आत्ता ते प्रत्येक पानावर तरंगतंय म्हणून लोक वाचायच्या आधीच दाबतात. कागदवाल्या पानावर तळाशी, दर आणि फोटोच्या सूचना वाचून झाल्यावर येईल असं ठेवा, आणि बटणात आधीच मजकूर भरून द्या: "माझं गाव ..., तालुका ..., कागद अंदाजे ... सालचा, पाने ...". माणसाने मोकळ्या जागा भरून पाठवलं की तुम्हाला पहिले चार प्रश्न विचारावेच लागणार नाहीत. बिझनेस अ‍ॅपमध्ये क्विक रिप्लाय सेव्ह करता येतात, त्यात तिन्ही पानांच्या लिंक टाकून ठेवा. बाकी साइट बदलायच्या आधी पूर्ण बॅकअप घ्या आणि बदल स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर) करून बघा, चालू दुकानावर प्रयोग नको. रीडायरेक्टची यादी बनवली की इथे टाका, मी एकदा नजर टाकतो.