अपडेटनंतर फोनभर जाहिराती : अपडेट थांबवावे की जाहिराती?

प्रश्न : रामबाग, इंदूर

सर्वांना नमस्कार. माझे वडील निवृत्त शिक्षक आहेत. पेन्शनचे संदेश, गॅसची नोंदणी, सकाळची वर्तमानपत्रे आणि पुण्याकडच्या नातेवाइकांशी गप्पा एवढ्यापुरताच त्यांचा फोन असतो. मध्यम किमतीचा हा अँड्रॉइड फोन आजवर विनातक्रार चालला, पण नुकत्याच आलेल्या मोठ्या अपडेटनंतर तो ओळखू येईनासा झाला आहे. कंपनीचे नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण वेगवेगळ्या कंपन्यांचे फोन वापरणाऱ्या शेजाऱ्यांकडूनही थोड्याफार फरकाने हेच ऐकते आहे.

आधी चांगले ते सांगते. येणाऱ्या कॉलचे नाव आता मोठ्या अक्षरांत दिसते, फोटोतला मजकूर बोटाने निवडून उचलता येतो, आणि कोणी हातातून फोन हिसकावून पळाल्यास तो आपोआप लॉक होण्याची सोयही दिसू लागली आहे. राजवाड्याच्या गर्दीत रोज फिरणाऱ्या माणसासाठी ही शेवटची सोय मला फार मोलाची वाटते.

त्याच अपडेटबरोबर आलेल्या जाहिरातींनी मात्र वडिलांचा जीव मेटाकुटीला आला आहे. वेळ पाहावी म्हणून स्क्रीन उजळली की तिच्यावर रोज नवे चित्र आणि त्याखाली कसली तरी बातमी असते, आणि अंगठा जरासा सरकला तरी ब्राउझर उघडतो. त्याहून वाईट प्रकार फाइल मॅनेजरमध्ये आहे. पेन्शनच्या पावतीची पीडीएफ शोधताना फायलींच्या यादीतच, फाइलसारखेच चिन्ह आणि फाइलसारखाच अक्षरांचा आकार असलेली एक ओळ येते. ती जाहिरात आहे हे सांगणारा शब्द उजव्या कोपऱ्यात इतक्या फिकट राखाडी रंगात असतो की मोतीबिंदूचे ऑपरेशन झालेल्या माणसाला तो दिसणे शक्यच नाही. वडिलांनी ती ओळ दाबली आणि झटपट कर्ज देणाऱ्या एका अ‍ॅपचे पान उघडले. मी शेजारी बसले होते म्हणून पुढचे टळले.

यापुढे अपडेट घेणेच बंद करावे का, जुनी आवृत्ती परत बसवता येते का, आणि याची तक्रार कोठे करता येते, याबद्दल जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

उत्तर : जेल रोडवरील मोबाइल दुरुस्तीचे दुकान

ताई, अपडेट बंद करू नका. 2015 साली अँड्रॉइडमध्ये स्टेजफ्राइट नावाची मोठी त्रुटी उघडकीस आली, जिच्यामुळे नुसत्या एका एमएमएसमधून फोनमध्ये शिरकाव करता येत होता. त्यानंतर त्याच वर्षीच्या ऑगस्टपासून गूगल दर महिन्याला सुरक्षा दुरुस्त्या जाहीर करू लागले. सेटिंग्जमध्ये 'अबाउट फोन' उघडल्यावर सिक्युरिटी पॅचची जी तारीख दिसते, ती याच दुरुस्त्यांची. ज्या फोनवर पेन्शनच्या खात्याचे ओटीपी येतात, त्याची ही तारीख मागे पडू देणे म्हणजे जाहिरातींच्या त्रासापेक्षा कितीतरी मोठे संकट ओढवून घेणे आहे.

जुनी आवृत्ती बसवण्याच्या फंदातही पडू नका. त्यासाठी बहुतेक फोनांत बूटलोडर, म्हणजे फोन सुरू होताना सर्वांत आधी चालणारा प्रोग्राम, अनलॉक करावा लागतो, तसे करताना फोनमधला सगळा डेटा पुसला जातो, आणि अनलॉक केलेल्या फोनवर बँकांची अनेक अ‍ॅप्स चालायला नकार देतात. शिवाय पुष्कळ फोनांत मागच्या आवृत्तीवर जाण्यास अटकाव करणारी सोय असते आणि तिला डावलू पाहिल्यास फोन कायमचा बंद पडू शकतो. असे फोन आमच्या दुकानात नेहमी येतात आणि ग्राहकाला रिकाम्या हाताने परत पाठवताना वाईट वाटते.

जाहिराती मात्र बऱ्याच अंशी बंद करता येतात, फक्त चिकाटी हवी. लॉक स्क्रीनच्या किंवा वॉलपेपरच्या सेटिंग्जमध्ये आपोआप चित्र बदलणारी सेवा शोधून ती बंद करा आणि वडिलांना आवडेल असा एखादा साधा फोटो लावून द्या. त्यानंतर फाइल मॅनेजर, म्युझिक, ब्राउझर, थीम्स अशा कंपनीच्या प्रत्येक अ‍ॅपच्या आतल्या सेटिंग्जमध्ये स्वतंत्रपणे जावे लागेल, कारण एकाच ठिकाणी सगळे बंद होईल असे बटण सहसा दिलेले नसते. तेथे 'रेकमेंडेशन्स' नावाचा पर्याय असतो, तो बंद करायचा. काही फोनांत जाहिराती पुरवणाऱ्या मूळ सेवेची परवानगीही काढून घेता येते, परंतु तसे करताना दहा सेकंदांची उलटी मोजणी होते आणि तोपर्यंत बटण दबतच नाही. पुष्कळ लोक तेवढ्यात कंटाळून मागे जातात. आपण थांबा, आणि पहिल्या वेळी नकार आला तर लगेच पुन्हा करून पाहा.

नोटिफिकेशनमधून येणाऱ्या जाहिरातींसाठी ती नोटिफिकेशन दाबून धरली की ती कोणत्या प्रकारात मोडते ते दिसते. फक्त जाहिरातींचा प्रकार बंद केला तर त्याच अ‍ॅपचे कामाचे संदेश चालू राहतात.

उत्तर : सुदामानगर, इंदूर

दुकानदार दादांनी सांगितलेले सर्व योग्यच आहे. मी सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून त्यात थोडी भर घालतो, कारण अपडेट आणि जाहिराती यांचा संबंध आपण समजतो तितका सरळ नाही.

अपडेटमधून फोनमध्ये येते ती जाहिरातीची जागा. त्या जागेत काय दाखवायचे, किती वेळा दाखवायचे आणि कोणाला दाखवायचे हे कंपनीच्या सर्व्हरवरून ठरते, त्यामुळे अपडेटविनाही एखाद्या सकाळी जाहिराती सुरू होऊ शकतात. याचा अर्थ असा की अपडेट थांबवणाऱ्याच्या फोनमध्ये जाहिराती तर राहतातच, वर सुरक्षेतली भोकेही उघडी राहतात. उलट बाजूही लक्षात घ्यावी : फोन हिसकावल्यास लॉक करणारी जी सोय ताईंना आवडली, ती गूगलने 2024 मध्ये प्ले सर्व्हिसेस या पार्श्वभूमीत चालणाऱ्या आणि आपोआप अद्ययावत होणाऱ्या आपल्या अ‍ॅपमार्फत अँड्रॉइड 10 आणि त्यापुढच्या फोनांना दिली आहे. फोनच्या कंपनीचे मोठे अपडेट त्यासाठी आवश्यक नव्हते. मोठ्या अपडेटबरोबर दिसलेली प्रत्येक चांगली गोष्ट त्या अपडेटचीच देणगी असते असे नाही.

कंपन्या हे का करतात, याचे उत्तर त्यांच्या हिशेबात आहे. शाओमीच्या प्रमुखांनी 2018 साली हार्डवेअरवर पाच टक्क्यांहून अधिक निव्वळ नफा कधीही घेणार नाही असे जाहीर केले होते. त्याच कंपनीच्या अलीकडच्या ताळेबंदांत जाहिरातींचा मोठा वाटा असलेल्या इंटरनेट सेवांचा ढोबळ नफा सत्तर टक्क्यांच्या पुढे दिसतो. फोन स्वस्तात विकायचा आणि उरलेली कमाई तो हातात असेपर्यंत करत राहायची, हा आवळा देऊन कोहळा काढण्याचा व्यवहार आहे. तो व्यवहार मुळातच वाईट आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्यामुळेच अनेक घरांत चांगला फोन पोहोचला. परंतु विकत घेताना जो फोन जाहिरातींशिवाय हातात दिला, त्यात मागाहून, सुरक्षा दुरुस्तीच्या पाठीवर बसवून जाहिराती आणणे मला अन्यायाचे वाटते. ग्राहकाला सुरक्षा हवी असेल तर जाहिरातीही पदरात घ्याव्या लागतात आणि त्याच्या होकाराला काही अर्थच उरत नाही. यातून माघार घेता येते हेही दिसले आहे : वापरणाऱ्यांनी सतत नाराजी व्यक्त केल्यावर सॅमसंगने 2021 मध्ये आपल्या हवामान, पे आणि थीम्स या अ‍ॅप्समधल्या जाहिराती काढून टाकण्याचे जाहीर केले.

एक उपाय आणखी आहे. 2018 च्या अँड्रॉइड 9 पासून नेटवर्कच्या सेटिंग्जमध्ये 'प्रायव्हेट डीएनएस' हा पर्याय आहे. संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारी सेवा म्हणजे डीएनएस. त्यात जाहिरातींचे पत्ते गाळणाऱ्या एखाद्या सेवेचे नाव भरले, तर फोनमधल्या अनेक जाहिरातींची जागा रिकामी राहते. मात्र आपण कोणत्या संकेतस्थळांवर जातो हे त्या सेवेला कळू शकते, म्हणून तिच्यावर विश्वास आहे का हे आधी ठरवावे, आणि स्टेशनवर किंवा हॉटेलात वाय-फायचे लॉगिन पान उघडत नसेल तर तेवढ्यापुरते ते बंद करावे.

उत्तर : टिळकनगरमधील महाविद्यालयीन विद्यार्थी

मला लॉक स्क्रीनवरच्या क्रिकेटच्या बातम्या आवडतात आणि मी त्या चालू ठेवल्या आहेत. माझा आक्षेप एवढाच आहे की अपडेटनंतर जे स्वागताचे पान येते, त्यातल्या सर्व चौकटींत आधीच खूण केलेली असते. ज्याला हवे त्याने खूण करावी, अशी पद्धत असती तर ताईंच्या बाबांना त्रास झाला नसता आणि मलाही हवे ते मिळाले असते.

उत्तर : लोकमान्यनगरमधील वकील

तक्रारीचा प्रश्न बाजूलाच राहिला आहे, म्हणून लिहितो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने 30 नोव्हेंबर 2023 रोजी ग्राहकाला फसवणाऱ्या रचनांबाबत मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यांत अशा 13 प्रकारांची यादी असून वेषांतर केलेली जाहिरात हा त्यांतला एक प्रकार आहे : इतर मजकुरात बेमालूम मिसळून ग्राहकाला दाबायला लावणारी जाहिरात. फायलींच्या यादीत फाइलसारखी दिसणारी ओळ, हे ताईंनी केलेले वर्णन या व्याख्येशी जवळजवळ शब्दशः जुळते. नको म्हटल्यावरही पुन्हा पुन्हा विचारून हैराण करणे हादेखील त्याच यादीतला प्रकार आहे.

तक्रार करताना 'फोनमध्ये जाहिराती येतात' असे मोघम लिहू नये, कारण जाहिरात दाखवणे हा स्वतंत्रपणे गुन्हा नाही. त्या ओळीचा स्क्रीनशॉट, फोनचे मॉडेल, अपडेटची आवृत्ती व तारीख आणि खरेदीचे बिल जवळ ठेवून 'जाहिरात फाइलच्या रूपात दाखवली गेली' हा नेमका मुद्दा मांडावा. आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ई-मेल करावी, म्हणजे लेखी पुरावा तयार होतो. नंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 या क्रमांकावर नोंद करता येते. तेथे मराठीसह 17 भाषांची सोय आहे. त्यानेही दाद लागली नाही तर 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जेथे राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगापुढे जाता येते, म्हणजे कंपनीचे कार्यालय कोठेही असले तरी तक्रार इंदूरलाच दाखल होईल, आणि पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीच्या प्रकरणात शुल्कही नाही.

प्रश्नकर्तीकडून : रामबाग, इंदूर

आपण सर्वांनी वेळ काढून इतके सविस्तर लिहिलेत, मनापासून आभार. लॉक स्क्रीनची चित्रे बंद झाली असून तेथे आता बाबांनी स्वतः निवडलेला राजवाड्याचा फोटो आहे. फाइल मॅनेजरमधली ती ओळ गेली, पण वकीलसाहेबांच्या सूचनेप्रमाणे बंद करण्याआधी तिचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवले आणि कंपनीला ई-मेल पाठवली आहे. प्रायव्हेट डीएनएस मात्र बाबांच्या फोनवर लावलेले नाही, कारण मी घरी नसताना वाय-फाय अडकले तर त्यांना ते सोडवता येणार नाही.

एकच अडचण उरली आहे. हवामानाच्या अ‍ॅपमध्ये तापमानाच्या खाली जाहिरात येतेच, आणि त्या अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये ती बंद करण्याचा कोणताही पर्याय मला सापडला नाही.

उत्तर : जेल रोडवरील मोबाइल दुरुस्तीचे दुकान

ताई, काही फोनांत त्या अ‍ॅपला तसा पर्यायच दिलेला नसतो. सेटिंग्जमधल्या अ‍ॅप्सच्या यादीत ते उघडा आणि 'डिसेबल'चे बटण दबते का ते पाहा. दबत असेल तर अ‍ॅप बंद करा आणि भारतीय हवामान खात्याचे 'मौसम' हे अ‍ॅप घाला. डिसेबलचे बटण फिकट असेल तर ते अ‍ॅप होम स्क्रीनवरून हटवा, त्याची नोटिफिकेशन्स पूर्ण बंद करा आणि बाबांना नव्या अ‍ॅपचे चिन्ह त्याच जागी ठेवून द्या. पुढचे मोठे अपडेट आल्यावर या सगळ्या सेटिंग्ज एकदा पुन्हा तपासा, कारण त्यांतल्या काही मूळपदावर जातात. तेव्हा स्वागताच्या पानावरच्या खुणा बाबांच्या हाती फोन देण्यापूर्वी आपणच काढून टाका.